नमाज : रोजची आणि जुम्म्याची



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी विषय कळविला तो नमाजेचा. पुष्कळांना नवल वाटले, आणि ते साहजिक आहे. मी जन्माने मुसलमान नाही, मौलवी नाही, मला अरबी येत नाही. माझे शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे सारे कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला, कारण या बाबतीतल्या माझ्या अज्ञानापायी एका माणसाची भाकरी गेली आहे. ती हकीकत आधी सांगतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. विदर्भातल्या एका कारखान्यात मी युनियनचा चिटणीस होतो. कारखान्याचे नाव घेत नाही. त्याची गरजही नाही. दिवसपाळी सकाळी आठला लागे आणि साडेचारला सुटे. मधली सुट्टी बारा ते साडेबारा. एका खात्यात अकरा मुसलमान कामगार होते. दर शुक्रवारी ते दुपारी एकच्या सुमारास मुकादमाला सांगून मशिदीत जात आणि पाऊण तासात परत येत. जुना मॅनेजर काही बोलत नसे. नवा आला आणि त्याने हे बंद केले. आम्ही बोलणी करण्यास गेलो. तो मला म्हणाला, “तुमच्या या लोकांची नमाज दिवसातून पाच वेळा असते ना? मग शुक्रवारची सुटल्यावर पढली म्हणून काय बिघडले? आणि आज ही सवलत दिली तर उद्या रोज पाच वेळा मागाल, परवा शुक्रवारची सुट्टी मागाल.” या तीनही प्रश्नांना माझ्याजवळ उत्तर नव्हते. मला वाटले, माणूस म्हणतो ते रास्त आहे. मी मान डोलावली आणि “नमाज पाळी सुटल्यावर पढावी” अशा मजकुराच्या कागदावर सही केली.

पुढच्या शुक्रवारी अकराही जण नेहमीप्रमाणे गेले. दहा कायम कामगार होते. त्यांना मेमो मिळाले, पगार कापला गेला. अकरावा हंगामी होता. त्याला दुसऱ्या दिवशी फाटकातून आत घेतले नाही. आणि कंपनीच्या हातात आधाराला कागद होता तो माझ्या सहीचा.

मॅनेजरचे ते तीन प्रश्न मी नंतर पुष्कळ दिवस मनात घोळवले. नमाज पुढे ढकलता येते काय? पाच वेळांनी काम खरोखर अडते काय? आणि शुक्रवार हा सुट्टीचा दिवस आहे काय? आज या तिन्हींची उत्तरे, मला समजली तशी, आपल्यापुढे मांडतो.

सूर्यावर लावलेले घड्याळ

नमाजेच्या पाच वेळा सूर्यावरून ठरतात. पहाट फुटल्यापासून सूर्य उगवेपर्यंत फजर. सूर्य माथ्यावरून ढळला की जोहर. दुपार उतरून सावल्या लांबल्या की असर. सूर्य मावळताच मगरिब. आणि पश्चिमेची संध्याप्रभा पुरती मावळली की इशा, ती रात्री केव्हाही.

यात ध्यानात ठेवण्याची मुख्य गोष्ट अशी की प्रत्येक नमाजेला एक ठोका नाही, अवधी आहे. अवधीच्या आरंभी पढणे चांगले, पण अवधी सरेपर्यंत पढली तरी ती वेळेवरच धरली जाते. अवधी निघून गेला तर ती ‘कजा’ झाली. ती मग नंतर भरून काढायची. हे आपण उसनवारीसारखे समजावे: फेडीची मुदत चुकली म्हणून देणे बुडत नाही, पण चुकवल्याचा दोष राहतो.

आपल्या पुलगावचेच उदाहरण घेऊ. हिंदुस्थानची प्रमाण वेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची आहे आणि पुलगाव आहे सुमारे ७८.३ रेखांशावर. एका अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो. म्हणजे आपल्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य आपल्या माथ्यावर आलेला नसतो. तो सरासरीने सतरा मिनिटे मागून येतो. शिवाय ऋतुमानाप्रमाणे यात थोडा फरक पडतो. नोव्हेंबरच्या आरंभी मध्यान्ह बाराच्या सुमारास होते, तर फेब्रुवारीच्या मध्यास साडेबाराला. जोहर सुरू होते ती मध्यान्हीनंतर. ऐन मध्यान्हीला, तसेच सूर्य उगवताना व मावळताना नमाज पढू नये असा नियम आहे. आता पहा, आमची मधली सुट्टी बारा ते साडेबारा. फेब्रुवारीत ती संपते तेव्हा जोहरची वेळ सुरूही झालेली नसते! सुट्टी असूनही हे लोक नमाजेला खोळंबतात ते का, याचे मला कोडे पडे. त्याचे उत्तर पंचांगात होते.

जोहर संपते आणि असर लागते ते सावलीवरून. काठी उभी करावी. मध्यान्हीला तिची जी सावली असते ती वजा धरून उरलेली सावली काठीच्या दुप्पट झाली की हनफी पंथाप्रमाणे असर लागली. शाफई पंथात एकपटीलाच लागते. विदर्भातले बहुतेक मुसलमान हनफी, कोकणातले शाफई. म्हणून रत्नागिरीचा माणूस इकडे आला तर त्याची असर आपल्या लोकांच्या आधी होते. मध्यान्हीची सावली वजा का करायची, हे समजण्यास आपल्याकडे चांगली सोय आहे. मेच्या अखेरच्या आठवड्यात एक दिवस असा येतो की पुलगावात भर दुपारी उभ्या काठीला सावलीच राहत नाही. उलट डिसेंबरात मध्यान्हीची सावली जवळजवळ काठीएवढी असते. ती वजा न केली तर हिवाळ्यात हिशेबच चुकेल.

हनफी हिशेबाने पुलगावात असर डिसेंबरात चारच्या सुमारास लागते, जूनमध्ये पाचच्या सुमारास. सूर्य मावळतो डिसेंबरात पावणेसहाच्या आत, जूनअखेर सातच्या सुमारास. आता आठ ते साडेचारची पाळी या वेळांवर ठेवून पहा. फजर कामावर येण्याआधी झाली. असर सुटल्यावर होते. ऐन थंडीतही साडेचारनंतर तिला तासभर मिळतो. मगरिब आणि इशा घरी. पाळीच्या आत खात्रीने येते ती एकच, जोहर. आणि तिला जवळजवळ चार तासांचा अवधी आहे, त्यात दहा मिनिटे कोठेही काढता येतात. “उद्या पाच वेळा मागाल” या मॅनेजरच्या प्रश्नाला हे उत्तर होते. पाटी-पेन्सिल घेऊन बसलो असतो तर ते मला त्याच दिवशी देता आले असते.

नमाजेत काय करतात

नमाजेआधी अंग स्वच्छ हवे. त्यासाठी ‘वजू’ करतात. हात मनगटांपर्यंत धुणे, चूळ भरणे, नाकात पाणी घेणे, तोंड धुणे, हात कोपरापर्यंत धुणे, ओला हात डोक्यावरून फिरवणे आणि पाय घोट्यांपर्यंत धुणे, असा तो क्रम. पाणी नसेल किंवा आजाराने पाणी लावणे शक्य नसेल तर स्वच्छ मातीवर हात टेकून ते तोंडावर व हातांवर फिरवले तरी चालते. त्यास तयम्मुम म्हणतात. वजूला पाच मिनिटेही लागत नाहीत. पण नळ लागतो. ग्रीस आणि रुईच्या धुळीने भरलेल्या माणसाला नळ मिळणे ही मागणी सगळ्याच कामगारांची असते हे आपण जाणतो.

मग तोंड काबेकडे करून उभे राहतात. काबा मक्केला आहे. पुलगावहून ती दिशा पश्चिमेच्या किंचित उत्तरेला येते. मुसलमान सूर्यास्ताकडे तोंड करतात अशी आपल्यातल्या कित्येकांची समजूत आहे, ती चुकीची. मक्केच्या पश्चिमेस राहणारा मुसलमान पूर्वेकडे तोंड करून नमाज पढतो.

नमाजेचा एकेक फेर म्हणजे ‘रकात’. प्रथम हात बांधून सरळ उभे राहणे. त्यात कुराणाचा पहिला अध्याय, फातिहा, म्हणतात आणि बहुधा त्याला जोडून आणखी काही आयती. मग कमरेत वाकून हात गुडघ्यांवर ठेवणे, तो रुकू. पुन्हा सरळ होऊन जमिनीवर कपाळ टेकणे, तो सिजदा. सिजदे दोन, मध्ये क्षणभर बसणे. ही एक रकात झाली. ठरलेल्या रकाती पुऱ्या झाल्या की बसूनच आधी उजवीकडे व मग डावीकडे मान वळवून सलाम म्हणतात आणि नमाज संपते. सिजदा करण्याची जागा ती मस्जिद. आपली ‘मशीद’ त्यातूनच आली.

फर्ज, म्हणजे चुकवू नयेत अशा, रकाती फजरला दोन, जोहरला चार, असरला चार, मगरिबला तीन आणि इशाला चार. एकूण सतरा. म्हणजे दिवसातून चौतीस वेळा माणूस कपाळ जमिनीला लावतो. याखेरीज सुन्नत व नफल रकाती आहेत, त्या पैगंबरांच्या रिवाजाप्रमाणे वा आपल्या इच्छेने. घाईच्या वेळी कामगार फर्ज तेवढी पढून कामाला लागतो.

फातिहा अवघ्या सात आयतींची आहे. तिच्यात ईश्वराची स्तुती आहे, तो दयाळू आहे आणि न्यायाच्या दिवसाचा धनी आहे असे म्हटले आहे, आणि शेवटी सरळ वाट दाखव अशी मागणी आहे. तिचा अर्थ मी प्रथम समजून घेतला तेव्हा एका गोष्टीने माझे लक्ष वेधले. माणूस एकटाच कोनाड्यात नमाज पढत असला तरी ‘मी’ म्हणत नाही, ‘आम्ही’ म्हणतो. आम्ही तुझी भक्ती करतो, आम्हाला वाट दाखव. ज्याने आयुष्य ‘मी’चे ‘आम्ही’ करण्यात घालवले त्याला हे लागून राहावे यात नवल नाही.

जमातीने, म्हणजे मिळून, नमाज पढणे एकट्याने पढण्यापेक्षा श्रेष्ठ मानतात. पुढे इमाम, मागे रांगा. खांद्याला खांदा भिडवून उभे राहायचे, मध्ये फट ठेवायची नाही. रांगेत आधी आला तो पुढे. मालक मागून आला तर मागे उभा राहतो आणि त्याचे कपाळ पुढच्या हमालाच्या टाचेशी टेकते. इमामही जातीचा भट नव्हे. ज्याला कुराण नीट म्हणता येते तो. मुसलमान समाजात जातपात, उच्चनीच नाही असे मी म्हणणार नाही. ती आहे आणि त्यांच्यातलेच लोक तिच्याविरुद्ध बोलत आले आहेत. पण रांगेचा नियम तिला थारा देत नाही, एवढे खरे.

नियम कडक आहेत तशा सवलतीही आहेत. उभे राहवत नसेल त्याने बसून पढावी, बसवत नसेल त्याने पडून, नुसत्या खुणेने पढावी. दूरच्या प्रवासात चार रकातींच्या दोन होतात. रेल्वेत पाळीवर जाणाऱ्यांना ही सवलत ठाऊक असते. शिया आणि आपल्या ओळखीचे दाऊदी बोहरा व्यापारी जोहर-असर आणि मगरिब-इशा जोडून, पाच नमाजा तीन वेळांत पढतात. परंपरा अशी सांगते की मेराजच्या रात्री प्रथम पन्नास नमाजा ठरल्या होत्या; मूसा पैगंबरांच्या सल्ल्यावरून महंमद पैगंबर पुन:पुन्हा विनंती करण्यास गेले आणि त्या पाचावर आल्या. मी ही कथा आदराने सांगतो. माणसाची शक्ती पाहून भार ठरवावा, हे तिचे सार मला दिसते.

बांग

वेळ झाल्याची हाक म्हणजे अजान. आपण मराठीत बांग म्हणतो. मदीनेत लोकांना एकत्र कसे बोलवावे हा प्रश्न निघाला तेव्हा शिंग फुंकावे, घंटा वाजवावी असे विचार पुढे आले होते, अशी परंपरा आहे. ते सारे बाजूला ठेवून माणसाचा आवाज निवडण्यात आला आणि तो मान मिळाला बिलाल यांना. बिलाल हबशी होते आणि गुलामीतून सुटलेले होते. पहिली हाक देण्याचा अधिकार एका मुक्त गुलामाकडे गेला, ही गोष्ट कामगारांनी विसरण्यासारखी नाही.

आपल्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजला. आता भोंगा म्हटले की लोकांना वाद आठवतो तो मशिदीवरच्या लाउडस्पीकरचा. त्याबाबत दोन वाक्ये पुरे आहेत. बांग तेराशे वर्षे नुसत्या गळ्याने दिली जात होती; यंत्र तिचा भाग नाही. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला जी बंदी घातली ती मशीद, मंदिर, वरात आणि आमची सभा या सर्वांना सारखी आहे.

जुम्मा

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. रोजच्या नमाजेला अवधी आहे हे आपण पाहिले. मग शुक्रवारची पाळी सुटल्यावर का नाही चालत?

याचे उत्तर मला त्याच खात्यातल्या एका वयस्क कामगाराने दिले. सगळे त्यांना चाचा म्हणत. मेमो मिळालेल्या दहांत तेही होते. मी सही करून आलो तेव्हा ते काही बोलले नाहीत. पगार कापल्यावर मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा चहा पुढे ठेवून म्हणाले, “भाऊ, तुम्ही आमाले इचारलं असतं तर बरं झालं असतं. रोजची नमाज एकट्यानं होते, जुम्मा एकट्यानं होत नाही.”

सारे मर्म या एका वाक्यात आहे. जुम्मा हा शब्द ‘एकत्र येणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून झाला. त्याच धातूची मुले मराठीत घरच्यासारखी वावरतात: जमा, जमाव, जमात, जमाखर्च. शुक्रवारी दुपारी जोहरच्या वेळी, जोहरच्या चार रकातींच्या जागी, जमातीने दोन रकाती पढायच्या आणि त्याआधी इमामाचा खुतबा ऐकायचा, हा जुम्मा. खुतबा दोन भागांत असतो. मध्ये इमाम क्षणभर बसतो. खुतबा चालू असता बोलू नये. आपल्याकडे तो बहुधा अरबीत होतो आणि त्याआधी उर्दूत थोडे प्रवचन होते. आंघोळ, धुतलेले कपडे, अत्तराचा फाया ही त्या दिवसाची तयारी.

जुम्मा घरी होत नाही, एकट्याचा होत नाही. हनफींत इमामाशिवाय निदान तिघे हवेत, शाफईंत चाळीस. आणि तो चुकला तर त्याची भरपाई नाही. जमात निघून गेल्यावर माणूस जोहरच्या चार रकाती पढू शकतो; पण तो जुम्मा नव्हे, ती जोहर. स्त्रिया, आजारी व प्रवासी यांच्यावर जुम्मा बंधनकारक नाही. धडधाकट, गावात असलेल्या पुरुषावर आहे. म्हणजे मी ज्या कागदावर सही केली त्याचा अर्थ काय झाला? सभा संपल्यावर सभेला जा, असा. आपल्या युनियनची सर्वसाधारण सभा एक वाजता असावी आणि मालकाने म्हणावे की साडेचारनंतर एकट्याने घरी सभा भरवा! असे कोणी म्हटले असते तर मी टेबलावर मूठ आपटली असती. येथे मी मान डोलावली, कारण मला जुम्मा ठाऊक नव्हता.

शुक्रवार आणि रविवार

उरला तिसरा प्रश्न: हे लोक उद्या शुक्रवारची सुट्टी मागतील काय?

कुराणाच्या बासष्टाव्या अध्यायाचे नावच जुमुआ आहे. त्यातील आज्ञेचा आशय असा: शुक्रवारच्या नमाजेची हाक आली की देवघेव सोडून या, आणि नमाज झाली की पुन्हा पांगा व ईश्वराच्या कृपेतून आपली उपजीविका शोधा. म्हणजे हाकेच्या आधी काम, नमाजेनंतर काम. ज्यूंचा शनिवार हा काम वर्ज्य करण्याचा दिवस आहे. जुम्मा तसा नाही. तो दिवसातला एक तास आहे.

अनुभवही तेच सांगतो. पाकिस्तानात १९७७ साली शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी सुरू झाली आणि १९९७ साली ती पुन्हा रविवारी गेली. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी २०२२ पासून सरकारी कचेऱ्या शनिवार-रविवार बंद असतात. शुक्रवारी अर्धा दिवस काम करून लोक नमाजेला जातात. बांगला देशात शुक्रवारची सुट्टी आहे. म्हणजे सुट्टी कोणत्या वारी हा राज्यकारभाराचा प्रश्न, नमाज हा धर्माचा. दोन्ही एक नव्हेत.

आणि आपल्या रविवारचे काय? तो आभाळातून पडला नाही. मुंबईच्या गिरण्यांत मजुरांना ठराविक साप्ताहिक सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून जी मागणी केली तिच्यात रविवारची सुट्टी होती. सहा वर्षे ती लावून धरावी लागली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी ती मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण त्या मागणीच्या पाठीशी होते. साहेब रविवारी चर्चमध्ये जाई, मजूर जेजुरीच्या देवाचे नाव घेई, आणि दोघांचा वार एक निघाला. आपल्या देवाचा वार आपल्याला लढून मिळाला आहे. दुसऱ्याच्या तासाला नावे ठेवताना ही आठवण असावी.

पुढे काय झाले

चाचांच्या घरून निघालो तो मी सरळ कायद्याचे पुस्तक उघडले. १९४८ च्या कारखाने कायद्याने असे ठरवून दिले होते की पाच तासांहून अधिक सलग काम घेऊ नये. त्याआधी निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी. आठपासून पाच तास म्हणजे बरोबर एक. तेव्हा शुक्रवारी मधली सुट्टी बाराऐवजी एकला ठेवण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. गावातल्या मशिदीत जुम्मा सव्वाला होई. आम्ही मागणी मांडली ती अशी: शुक्रवारी खात्याची मधली सुट्टी सर्वांनाच एक ते पावणेदोन, जास्तीची पंधरा मिनिटे त्या दिवशी पाऊण तासाऐवजी अर्धा तास सुट्टी घेऊन नव्हे, तर पावणेपाचला सुटून भरून द्यायची. कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही.

खात्यातल्या आमच्या हिंदू गड्यांचा प्रथम विरोध होता. “त्यांच्यासाठी आम्ही तासभर उपाशी का बसावे?” असा त्यांचा सवाल, आणि तो अगदीच अडाणीपणाचा नव्हता. त्यांची समजूत भाषणाने पटली नाही, हिशेबाने पटली. बॉयलरवर तिघे मुसलमान होते. शुक्रवारी त्यांची जागा हिंदू गडी सांभाळतील. पोळ्याला आणि आषाढीला हिंदूंची जागा हे तिघे सांभाळतील, असे आपापसांत ठरले. पोळ्याला घरी बैल सजवायला मिळणार म्हटल्यावर विरोध करणारेच पुढे झाले. मॅनेजरने दोन महिने घेतले आणि मग मान्य केले. कापलेला पगार परत मिळाला, मेमो रद्द झाले.

हंगामी कामगार मात्र परत आला नाही. त्याला परत घ्या ही मागणी आम्ही शेवटपर्यंत ठेवली होती. पण हंगामी माणसाच्या बाजूने कागद नसतो, आणि विरुद्ध बाजूचा कागद तर मीच देऊन बसलो होतो. पुढे तो गाव सोडून गेला असे कळले. या करारासाठी माझे सत्कार झाले आहेत. सत्कारात त्याची आठवण कोणी काढत नाही, म्हणून ती मी येथे काढली.

आपल्या गावात गिरणीने, रेल्वेने आणि डेपोने नाना ठिकाणची माणसे एकत्र आणली. एकाच साच्यावर, एकाच रुळावर आपण शेजारी उभे राहिलो, आणि शेजारी काय म्हणतो हे न विचारता निवृत्त झालो. आपल्या जिल्ह्याची शिकवण तर वेगळी होती. सेवाग्रामच्या आश्रमात बापूंच्या प्रार्थनेत फातिहाला जागा होती. पवनारच्या विनोबांनी कुराण मुळातून वाचावे म्हणून अरबी शिकून घेतली आणि १९६२ साली त्यांचे ‘कुराण-सार’ प्रसिद्ध झाले. आपल्याला कोणी अरबी शिकायला सांगत नाही. पाच वेळा कोणत्या, जुम्मा किती वाजता, तो कशाने चुकतो, एवढे शेजाऱ्याला विचारले तरी पुष्कळ आहे. आणि त्यानेही आपल्या एकादशीचे, वारीचे विचारावे.

मी आता कोणाच्याही वतीने सही करण्यापूर्वी त्याच्या घरी जाऊन चहा घेतो. हा नियम मला कोणत्याही पुस्तकाने शिकवला नाही. तो मी उशिरा शिकलो, आणि त्याची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्याने भरली.